अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारचा आउटपुट जॅक: बिघाड ओळखण्यापासून नवा जॅक बसवण्यापर्यंत

अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारच्या विद्युत भागांपैकी सर्वांत जास्त मार खातो तो जॅक, म्हणजे केबलची पिन घालायचे सॉकेट. पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, सुरक्षित असतो आणि प्रीअँपची (पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) बटणे अधूनमधूनच फिरवली जातात. जॅकमध्ये मात्र प्रत्येक तालमीला आणि कार्यक्रमाला पिन घातली-काढली जाते, मंचावर केबलवर कोणाचा तरी पाय पडतो आणि तो सगळा हिसका एका नटावर येतो. नट सैल झाला की जॅक जागच्या जागी फिरू लागतो, त्याच्या मागच्या बारीक वायरी पिळल्या जातात आणि कधीतरी त्यांतली एक मुळाशी तुटते. म्हणूनच तुटलेली वायर सोल्डर करून काम संपले असे मानले, तर तोच बिघाड काही महिन्यांत परत येतो. पुढील सर्व सूचना जॅक पुन्हा कधीही फिरणार नाही अशा रीतीने बसवण्याच्या दृष्टीने दिल्या आहेत.

जॅकच्या मागे तीन टोके का असतात

गिटारचा सिग्नल मोनो असतो आणि आपण वापरतो ती केबलही मोनोच असते, तरीही बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या गिटारमध्ये जॅक स्टिरिओ बसवलेला असतो. या जॅकला टिप (पिनच्या टोकाला टेकणारा), रिंग (त्याच्या लगतच्या भागाला टेकणारा) आणि स्लीव्ह (पिनच्या मुळाकडच्या भागाला टेकणारा) असे तीन संपर्क असतात. प्रीअँपकडून येणाऱ्या शील्डेड (भोवती धातूची जाळी असलेल्या) वायरीची आतली तार टिपला जोडलेली असते, त्याच वायरीची जाळी स्लीव्हला, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची काळी वायर रिंगला. मोनो पिनचा दांडा लांब आणि अखंड असल्यामुळे पिन पूर्ण आत गेली की तो रिंग आणि स्लीव्ह या दोघांना एकाच वेळी टेकतो, बॅटरीचे सर्किट पूर्ण होते आणि प्रीअँप चालू होतो. थोडक्यात, जॅक हाच प्रीअँपचा स्विच आहे.

ही रचना समजली की अनेक कोडी आपोआप सुटतात. वाजवणे संपल्यावरही केबल गिटारमध्येच राहिली तर बॅटरी का उतरते, बॅटरी नवी असूनही गिटार मुकी का राहते, आणि घाईत मोनो जॅक बसवून घेतलेल्या गिटारची बॅटरी न वाजवताही का संपते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर रिंगच्या संपर्कात आहे. शेवटच्या उदाहरणात रिंगच नसल्यामुळे बॅटरीची काळी वायर स्लीव्हवर जाळीसोबत जोडली जाते, आणि मग प्रीअँप अहोरात्र चालू राहतो. ज्या गिटारमध्ये बॅटरीच नाही, म्हणजे पिकअप पॅसिव्ह आहे, तेथे मात्र टिप आणि स्लीव्ह एवढी दोनच टोके वापरात असतात.

दोष खरोखर जॅकचाच आहे का

गिटार उघडण्याआधी खात्रीची दुसरी केबल लावून पाहावी आणि तीच केबल दुसऱ्या वाद्यावरही तपासावी, कारण खरखरीचे मूळ बहुतेक वेळा केबलच्या पिनमध्येच निघते. त्यानंतर बॅटरी काढून मल्टिमीटरने मोजावी. नवी अल्कलाइन बॅटरी ९ व्होल्टपेक्षा थोडे जास्त दाखवते. आकडा ७ च्या आसपास आला असेल तर आधी बॅटरी बदलावी आणि मगच पुढे जावे. बॅटरीच्या क्लिपवर हिरवट-पांढरा थर जमला आहे का, तेही याच वेळी पाहावे. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हा थर पावसाळ्यात चटकन धरतो, आणि पितळी जॅकच्या पत्र्यांवरही तोच दिसतो.

आता अँप्लिफायरचा आवाज कमी ठेवून केबल जोडावी आणि पिन दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली व डावी-उजवीकडे हलवावी. पिनबरोबर बाहेरचा नट किंवा गळ्यातल्या पट्ट्याचे बटणही फिरत असेल तर जॅक सैल आहे, हे त्याच क्षणी कळते. जॅक घट्ट असूनही पिन हलवल्यावर कर्र असा आवाज येत असेल तर आतला स्प्रिंगचा पत्रा वाकलेला किंवा मळलेला आहे. हलवल्यावर आवाज क्षणभर येतो आणि पुन्हा पूर्ण जातो, असे झाल्यास वायर तुटून एखाद्या धाग्यावर लोंबकळते आहे असे समजावे. वाद्याचा आवाज अजिबात नाही पण मोठी घरघर येते, ही जाळीची, म्हणजे स्लीव्हकडची जोडणी सुटल्याची खूण आहे. ज्या प्रीअँपमध्ये ट्यूनर असतो त्यांपैकी अनेकांचा ट्यूनर केबलशिवायही चालतो. तो चालतो पण केबल लावल्यावर आवाज येत नाही, असे असेल तर बॅटरी निर्दोष ठरते आणि संशय रिंगच्या संपर्कावर किंवा सिग्नलच्या वायरीवर येतो. फक्त एक-दोन तारांचाच आवाज बारीक येत असेल तर जॅकला हात लावू नये. तो दोष सॅडलखालच्या पिकअपचा असतो.

जॅकचा प्रकार आणि लागणारी हत्यारे

साधारणपणे तीन प्रकारचे जॅक आढळतात. पहिला एंडपिन जॅक: लांब नळीच्या आकाराचा, गिटारच्या बुडाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यातून आरपार गेलेला, आणि त्याच्याच बाहेरच्या टोकावर पट्ट्याचे बटण बसवलेले. यासाठीचे भोक साधारण १२ ते १२.७ मिलिमीटरचे असते. दुसरा बाजूच्या फळीवर दोन किंवा तीन स्क्रूंनी बसवलेल्या पट्टीतला जॅक. हा सर्वांत सोपा, कारण स्क्रू काढले की तो वायरींसह बाहेर येतो आणि तारा सैल करण्याचीही गरज पडत नाही. तिसरा बॅटरीच्या कप्प्याशी एकाच प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडलेला, ज्याच्या मागे छोटा सर्किट बोर्ड असतो. या तिसऱ्या प्रकारात सुटा जॅक बदलणे क्वचितच जमते. त्याच मापाची पूर्ण चौकट आणून कनेक्टर जोडणे श्रेयस्कर.

हत्यारांमध्ये २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, आत रोझिन फ्लक्स असलेले बारीक सोल्डर, जुने सोल्डर काढण्याची तांब्याची वात किंवा पंप, मल्टिमीटर, नाकाड पक्कड, नटाच्या मापाचा पाना, हीट-श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोडावर बसणारी), मास्किंग टेप आणि एक छोटा आरसा एवढे पुरते. पन्हळी जोडण्यासाठी वापरली जाणारी आम्लयुक्त फ्लक्स कधीही वापरू नये, कारण ती जोड आतून खात राहते. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात सहज मिळते. दुकानात ६.३५ मिलिमीटरच्या मोठ्या पिनला पी-३८ म्हणतात. नवा जॅक घेताना पी-३८ स्टिरिओ सॉकेट असे स्पष्ट सांगावे. एंडपिन जॅक मात्र तिथे क्वचित दिसतो आणि तो वाद्यांच्या दुकानातून घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी भोकाचा व्यास आणि लाकडाची जाडी मोजून न्यावी. बाजूची फळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते, तर बुडाचा ठोकळा त्याच्या कितीतरी पट जाड असतो, त्यामुळे आखूड नळीचा साधा सॉकेट ठोकळ्यातून बाहेर पोहोचतच नाही.

जॅक बाहेर काढणे

प्रथम बॅटरी काढून बाजूला ठेवावी. एंडपिन जॅकसाठी हात साउंडहोलमधून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, आत घालावा लागतो, म्हणून तारा पूर्ण सैल कराव्यात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून मगच तारा सैल केल्या आणि ब्रिजच्या पिना काढल्या, तर खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत आणि त्याच तारा पुन्हा चढवता येतात. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करावा, फोन साउंडहोलमधून अलगद आत नेऊन जॅकचे चित्रण करावे. कोणती वायर कोठे जाते याची ही नोंद नंतर फार उपयोगी पडते.

जॅकभोवतीच्या पॉलिशवर मास्किंग टेप लावावा. मग पट्ट्याचे बटण आटे उलटे फिरवून काढावे. त्याखाली नट आणि वॉशर असतो. एंडपिन जॅकच्या बाहेर आलेल्या नळीत बहुधा एक बारीक आडवे छिद्र असते, आणि ते नेमके याच कामासाठी दिलेले असते: त्यात बारीक ॲलन की किंवा खिळा अडकवून नळी स्थिर धरावी आणि दुसऱ्या हाताने पान्याने नट सोडवावा. छिद्र नसेल तर कोणीतरी आत हात घालून जॅक धरावा. नळी न धरता नट फिरवला तर आतल्या उरल्यासुरल्या वायरीही त्याच फेऱ्यात तुटतात.

नट निघाल्यावर जॅक आत ढकलण्यापूर्वी तो परत कसा आणायचा याची सोय करून ठेवावी. जुन्या केबलचा हातभर तुकडा घेऊन त्याच्या पिनचे बाहेरचे आवरण काढावे, ती उघडी पिन बाहेरून जॅकमध्ये घालावी आणि मग जॅक आत ढकलून साउंडहोलमधून बाहेर घ्यावा. केबल त्याच्या मागोमाग भोकातून आत येते. दुरुस्तीनंतर हीच पिन जॅकमध्ये घालून केबलचे दुसरे टोक बाहेरून हळूच ओढले की जॅकची नळी नेमकी भोकात येऊन बसते. आवरण काढलेली पिन १२ मिलिमीटरच्या भोकातून जाते, हे आधी पाहून घ्यावे.

जुना जॅक वाचवावा की बदलावा

उघड्या पत्र्यांचा जॅक असेल तर तो पुष्कळदा वाचतो. पत्र्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पिन काही वेळा आत-बाहेर करावी. गंज सोडवण्याचे सर्वसाधारण तेलकट स्प्रे येथे वापरू नयेत. ते मागे तेलाचा थर ठेवतात आणि त्यावर धूळ बसते. टिपचा पत्रा पिनवर दाब देत नसेल तर तो नाकाड पकडीने मुळाजवळ धरून आतल्या बाजूला केवळ केसभर वाकवावा. पिन घातल्यावर टक असा आवाज येऊन ती खाचेत बसली पाहिजे.

बंद नळीच्या किंवा पूर्ण प्लॅस्टिकच्या जॅकमध्ये पत्र्यापर्यंत पोहोचताच येत नाही. असा जॅक सैल झाला असेल, त्याचे आटे झिजले असतील किंवा मागचे टोक हलत असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नये. वायरींना एकदा आच द्यायचीच आहे, तर ती नव्या धातूच्या जॅकसाठी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिनचे टोक तुटून जॅकमध्ये अडकले असेल, तर उघड्या जॅकमध्ये ते मागून ढकलून काढता येते. बंद जॅकमध्ये गोंद लावलेली काडी घालण्याचे प्रयोग गिटारवर असताना करू नयेत, कारण तो गोंद पत्र्यावर सांडला की जॅकही जातो.

टोके ओळखणे

वायरींच्या रंगावर विसंबून राहू नये, आणि नव्या जॅकवरची टोके जुन्याच क्रमाने असतील असेही गृहीत धरू नये. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप देणाऱ्या खुणेवर ठेवून नव्या जॅकमध्ये मोनो केबल घालावी. केबलच्या दुसऱ्या पिनच्या टोकाला मल्टिमीटरची एक काडी (प्रोब) आणि जॅकच्या टोकांना क्रमाने दुसरी काडी लावल्यावर जे बीप देईल ते टिप. आता पहिली काडी पिनच्या दांड्यावर नेली तर उरलेली दोन्ही टोके बीप देतील, कारण मोनो पिन त्या दोघांना जोडून टाकते. केबल काढून घ्यावी आणि धातूच्या जॅकमध्ये काडी आट्यांच्या अंगाला टेकवावी: जे टोक आता बीप देते ते स्लीव्ह, आणि गप्प राहते ते रिंग. प्लॅस्टिकच्या जॅकमध्ये अंग धातूचे नसल्याने स्टिरिओ केबल वापरावी, म्हणजे तिन्ही टोके वेगवेगळी कळतात. ओळखलेल्या टोकांवर मार्करने खूण करावी.

सोल्डरिंग

वायर कापण्याआधी किंवा सोडवण्याआधी फोटो घ्यावा. तुटलेल्या वायरीचे काळवंडलेले टोक कापून पाच-सहा मिलिमीटर नवी तार उघडी करावी, तिचे धागे पीळ देऊन एकत्र करावेत आणि त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. जॅकच्या टोकांवरही तसाच थर द्यावा. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: हीट-श्रिंकच्या नळ्या, आणि जॅकला मागून बसणारी टोपी असल्यास तीही, वायरींमध्ये सोल्डर करण्यापूर्वी ओवून घ्यावी लागते. नंतर आठवले तर जोड पुन्हा सोडवण्याशिवाय गत्यंतर नसते.

साउंडहोलच्या काठावर आणि गिटारच्या अंगावर जाड पुठ्ठा किंवा ओलसर कापड पसरावे, कारण गरम सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर कायमचा डाग सोडतो. जॅकमध्ये एक जुनी पिन घालून ठेवावी. ती उष्णता खेचून घेते आणि प्लॅस्टिक मऊ झाले तरी पत्रे जागचे हलत नाहीत. आयर्नचे टोक जॅकच्या टोकावर टेकवून दोन-तीन सेकंद थांबावे, मग सोल्डर आयर्नला नव्हे तर गरम झालेल्या धातूला लावावे आणि ते पसरले की आयर्न उचलून वायर तशीच स्थिर धरावी. जोड चकचकीत आणि काठाकडे उतरता दिसला पाहिजे. गोळा होऊन बसलेला, निस्तेज जोड पुन्हा करावा. शील्डेड वायरीला जास्त वेळ आच दिल्यास आतले प्लॅस्टिक वितळून तार जाळीला टेकते आणि आवाज पूर्ण बंद होतो, म्हणून प्रत्येक प्रयत्नात टोक थंड होऊ द्यावे. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रथम जाळी स्लीव्हला, मग आतली तार टिपला आणि शेवटी बॅटरीची काळी वायर रिंगला जोडावी. बॅटरीची लाल वायर जॅककडे येत नाही, ती थेट प्रीअँपला जाते. जाळीचा एखादा सुटा धागा टिपकडे झुकला नाही ना, हे भिंगातून पाहूनच हीट-श्रिंक आकसून घ्यावी.

बसवण्याआधीची चाचणी

जॅक अजून बाहेर असतानाच बॅटरी लावावी, केबल जोडावी आणि सॅडलवर बोटाने हलकेच टकटक करावी. स्वच्छ ठक असा आवाज आला पाहिजे. मग केबल काढून प्रीअँप बंद होतो का, ते पाहावे. मल्टिमीटरच्या मिलिअँपिअरच्या खाचेत काडी लावून तो बॅटरीचे ऋण टोक आणि क्लिप यांच्यामध्ये जोडावा. केबल नसताना वाचन शून्य आणि केबल घातल्यावर काही मिलिअँपिअर आले, तर रिंग बरोबर जोडली गेली आहे. केबल नसतानाही वाचन येत असेल तर काळी वायर चुकून स्लीव्हवर गेली आहे. ट्यूनर बंद आहे याची खात्री करूनच ही चाचणी करावी.

पुन्हा बसवणे

एंडपिन जॅकवर आतल्या बाजूला एक नट आणि दातेरी वॉशर असतो. नळी बाहेर किती यायची हे हा आतला नटच ठरवतो. बाहेरचा वॉशर, नट आणि बटण बसल्यावर पिन पूर्ण आत जाऊन टक झाली पाहिजे. नळी फार बाहेर आली तर बटण टोकापर्यंत आवळले जात नाही आणि फार आत राहिली तर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. एक-दोन वेळा बसवून पाहून आतला नट पुढे-मागे करावा लागतो, आणि या कंटाळवाण्या कामातच दुरुस्तीचे आयुष्य ठरते. दातेरी वॉशर आतल्या नटाच्या आणि लाकडाच्या मध्ये हवा, कारण तोच लाकडात रुतून जॅकला फिरू देत नाही. बाहेर सपाट वॉशर वापरावा, म्हणजे पॉलिश ओरबाडत नाही. शेवटी आडव्या छिद्रात ॲलन की अडकवून नळी स्थिर धरावी आणि फक्त नट आवळावा. जास्त जोर लावून लाकूड दाबू नये. हाताने जॅक हलत नाही एवढे पुरे.

आतल्या वायरी सैल सोडल्या तर त्या फळीवर आपटून वाजताना खुळखुळ करतात, म्हणून चिकटणाऱ्या क्लिपने त्या बाजूला धराव्यात. मात्र जॅकजवळ थोडा झोल ठेवावा.

लाकूड फाटले असेल तर

केबलवर पाय पडून पट्टीसह जॅक उखडला गेला असेल, तर आधी लाकडाचे काम करावे. नुसती स्क्रूची भोके मोठी झाली असतील तर त्यांत लाकडी टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भरावी, पूर्ण सुकल्यावर सपाट कापावी आणि बारीक ड्रिलने नवे भोक घ्यावे. फळीला तडा गेला असेल तर तो किंचित उघडून त्यात गोंद बोटाने आतपर्यंत चोळावा, ओल्या फडक्याने बाहेरचा गोंद पुसावा आणि टेपने ओढून एक दिवस ठेवावा. भोकाचा काठच तुटला असेल तर आतून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा, मध्ये जॅकचे भोक असलेला तुकडा चिकटवावा, आणि बाहेरून मोठी जॅक पट्टी लावावी. ठोकळ्यापर्यंत गेलेला तडा किंवा उसवलेला सांधा मात्र वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावा.

नव्या जॅकसाठी भोक थोडे मोठे करायचे झाल्यास साधे ड्रिल वापरू नये. ते पॉलिश उडवते आणि पातळ फळीत अडकून झटका देते. टेप लावून निमुळत्या रीमरने (भोक खरवडून रुंद करण्याच्या हत्याराने) हाताने हळूहळू भोक वाढवावे आणि प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर जॅक घालून पाहावा.

तारा चढवून, सूर लावून झाल्यावर केबल जोडताना ती आधी गिटार आणि पट्टा यांच्यामधून वर घेऊन मगच जॅकमध्ये घालण्याची सवय लावावी. मग कोणी केबलवर पाय दिला तर हिसका पट्ट्यावर जातो, नटावर येत नाही. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांनंतर लाकूड वॉशरखाली थोडे दबते, तेव्हा नट एकदा तपासून, नळी धरूनच, पाव फेरा आवळावा.